गरम हात

कोळंबीच्या शेडमध्ये बर्फात हात घालण्याआधी प्रत्येकीनं रक्तवाहिन्या रुंदावणारी गोळी घ्यायची, असा नियम होता. बोटं निळी पडत नसत. घरी आल्यावरही, अगदी दुसऱ्या सकाळपर्यंत, तळवे तव्यावरून उतरलेल्या भाकरीसारखे गरम राहत.

त्या तळव्याला मालूचं कपाळ गारच लागलं, म्हणून काल शेवंतीनं लेकीला तापातच शाळेत धाडलं. बाईंनी उचलून आणलं तेव्हा पोर बरळत होती.

आज मुकादमाची पाठ वळताच शेवंतीनं गोळी थुंकली. पाळी संपल्यावर धावत घरी येऊन तिनं निळ्या बोटांनी मालूचं कपाळ चाचपलं.

"आये, बरं वाटतंय. हात काढू नको."

शेवंतीनं हात काढला नाही. ताप उतरलाय की नाही, ते बधिर बोटांना कळतच नव्हतं.