ऐकायची सहल

“नो टॉकिंग, ओके? ओन्ली लिसनिंग!” मिस टॅननं सगळ्यांना दटावलं आणि डोळे मिटून ईस्ट कोस्ट नावाच्या किनाऱ्याच्या वाळूवर पहिलं पाऊल टाकलं. मिस टॅन ध्वनिकलाकार होती. म्हणजे तिला गाता येत नव्हतं, वाजवताही येत नव्हतं, पण मायक्रोफोन मात्र भारी होता. आज ती आठ जणांना किनाऱ्याचा अनादि सूर ऐकवणार होती. किनारा भराव घालून केलेला, वाळू बाहेरून आणून ओतलेली. पण अनादि म्हटलं की ऐकणाऱ्याला जरा बरं वाटतं.

उल्कानं नवऱ्याला, श्रीनिवासला, इथे ओढत आणलं होतं. ऐकणं म्हणजे काय ते कुणीतरी त्याला शिकवावं, एवढीच तिची इच्छा होती. सोळा वर्षं तो जहाजांच्या इंजिनरूममध्ये होता. तेव्हा महिन्यातून एकदा कुठल्यातरी बंदरातून फोन यायचा, दोघं ओरडून ओरडून बोलायची आणि लाइन कट झाली की उल्का रडायची. मग त्याला इथे परदेशात, एका शिपयार्डात नोकरी लागली, शहराच्या यिशुन भागात फ्लॅट मिळाला, तो रोज संध्याकाळी घरी यायला लागला आणि बोलणं संपलं. ती ओट्याशी पोळ्या लाटता लाटता दिवसभराचं सांगायची. हा मागे टेबलाशी पेपर उघडून बसलेला. “हं” आणि “बरं”. संसारासाठी त्यानं हे दोनच शब्द राखून ठेवले होते.

गेल्या रविवारी तव्यावरची पोळी उलटता उलटता तिनं सांगून टाकलं, “मी मधुराला घेऊन पुण्याला जाते. कायमची.”

“बरं,” श्रीनिवास म्हणाला.

कोथिंबीर संपलीय म्हटलं असतं, तरी त्यानं एवढंच म्हटलं असतं. उल्का दुसऱ्या दिवशी जाऊन आपली आणि लेकीची तिकिटं काढून आली. ही सहल म्हणजे शेवटची संधी होती. त्याला की स्वतःला, ते तिचं तिलाच ठाऊक.

तासभर मंडळी मुकाट चालली. बँकेतले एक गृहस्थ नारळाच्या झाडाला कान लावून उभे राहिले आणि आत काहीतरी ऐकू आल्यासारखी मान डोलावू लागले. शेवटी मिस टॅननं सगळ्यांना वाळूत बसवून हेडफोन वाटले. कॅसेटवर तिची नवी रचना होती, ‘समुद्राचा श्वास’. तिनं बटण फिरवलं.

श्वास कसला! कुठलीतरी वायर चुकीची जोडली गेली होती. कानात सुई खुपसावी तशी बारीक, जीवघेणी शिट्टी सुटली. सगळ्यांनी किंचाळत हेडफोन भिरकावले. बँकवाल्यांनी अस्सल इंग्रजी शिवी हासडली.

एकटा श्रीनिवास तसाच बसून होता. मांडी घालून, डोळे मिटून, अगदी निवांत. त्याच्या हेडफोनमधली शिट्टी मागे बसलेल्या उल्कालाही ऐकू येत होती.

“सी? धिस वन रिअली नो हाऊ टू लिसन, लाह!” मिस टॅन भारावून म्हणाली आणि टेप बंद करायला धावली.

उल्का वाळूत थोडी पुढे सरकली. थोड्या वेळानं श्रीनिवासनं डोळे उघडले, हेडफोन काढले आणि तो समुद्राकडे बघत राहिला.

“अहो,” तिनं मागून हाक मारली. रोजच्याच आवाजात. मग पुन्हा, जरा मोठ्यानं, “अहो!”

त्यानं मान वळवली नाही. बारीक आवाज त्याच्यापर्यंत पोचतच नव्हते, आणि उल्काचा आवाज पहिल्यापासून बारीक होता.

ती उठली, वळसा घालून त्याच्यासमोर आली आणि गुडघ्यांवर बसली. त्याची नजर तिच्या ओठांवर आली.

“मी मधुराला घेऊन पुण्याला जाते,” ती म्हणाली. “कायमची.”

श्रीनिवासचा चेहरा पांढराफटक पडला.

“का?” त्यानं विचारलं.

इतके दिवस तोंडपाठ असलेल्या कारणांपैकी उल्काला एकही आठवेना.