मॅडमचा वर चढलेला आवाज

हिरेमठ मॅडम वर्गात कुणालाच "चुकलं" म्हणत नसत. पोरांचं उत्तर त्या फक्त परत म्हणायच्या. बरोबर असलं तर शांत, उतरत्या आवाजात. चुकलेलं असलं तर शेवट वर ओढून. "छप्पऽऽन्न?" एवढं कानावर पडलं, की फळ्यापाशी उभं असलेलं पोरगं लागलीच सावरायचं, "न्हाय मॅडम, चोपन्न!" सातवीच्या वर्गाला ही खूण तोंडपाठ होती आणि मॅडमना तिचा मोठा अभिमान होता.

माघातल्या एका सकाळी हजेरी चालू असताना शिवकन्या उठून म्हणाली, "मॅडम, उद्यापासून म्या येणार न्हाय. माजं लगीन हाय."

"लग्नऽऽ?" मॅडम दचकल्या.

शिवकन्यानं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. "न्हाय मॅडम... मावशीकडं चाललेय."

"मावशीकडं. बरं." मॅडमनाही तेच उत्तर सोयीचं वाटलं. आणखी काही विचारावं, असं मनात येऊनही त्यांनी पुढचं नाव पुकारलं.

महिन्याभरानं अणदूरला खंडोबाच्या देवळात ती दिसली. अंगावर हिरवा शालू, कपाळभर भंडारा, शेजारी मिशा राखलेला नवरा. मॅडम लगबगीनं तिच्यापाशी गेल्या. तिला खांबाआड घेऊन त्या कशाबशा म्हणाल्या, "अगं, मला खरं का नाही सांगितलंस?"

 

"पैलं खरंच सांगितलं हुतं की, मॅडम. तुमचा आवाज वर गेला, म्हनून उत्तर बदललं."