निळा झेंडा

"बोटीवर निळा झेंडा दिसला की मासा बघू नकोस गं, आधी एव्हाल्दोचे हात बघ," सासूबाई बजावायच्या. मी हसून सोडून द्यायचे. निळा झेंडा म्हणजे मार्लिन हा भला मोठा मासा गावला, म्हणजे नवरा खुशीत घरी येणार, एवढंच मला ठाऊक.

पैसे भरून मासेमारीला आलेल्या पाहुण्याने गळाला लागलेला मासा बोटीपाशी ओढत आणला, की गळाजवळची शेवटची तार हाताला गुंडाळून त्याला धरून ठेवायचं काम एव्हाल्दोचं.

काल आमच्या मिंदेलो बंदराच्या धक्क्यावर मी लेकीला कडेवर घेऊन उभी होते. झेंडा बघून लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण धक्क्याकडे दोर फेकला तो एव्हाल्दोने नाही, बोट चालवणाऱ्या तांडेलाने. एव्हाल्दो मागे बसून होता, उजवा हात टॉवेलात गुंडाळलेला. टॉवेल लाल झाला होता.

"तारेत बोटं अडकली, वहिनी," तांडेल म्हणाला.

"तार कापायला सुरी नव्हती?"

"होती ना. मी उचललीही. पाहुणे म्हणाले, थांब, मासा जाईल."

"आणि तू थांबलास."

तो दोर आवळत राहिला. लेकीने बाबाकडे झेप घेतली, त्याने एकच हात पुढे केला. माशाला मिठी मारून उभा असलेला पाहुणा हसला. "या ना, बाळालाही फोटोत घेऊ."

तुमच्या ओळखीचं कुणी असा फोटो पाठवेल. 'अभिनंदन' जरूर लिहा. पण त्याआधी एवढं विचारा, तार कोणी धरली होती, आणि त्याचा हात आता कसा आहे.