फळ्यावरची वीतभर जागा

नव्या फळ्यावर भागाकार मावेना, तेव्हा कुलथेबाई खडू हातात धरून नुसत्याच उभ्या राहिल्या.

फळा ग्रामनिधी प्रतिष्ठानानं दिला होता. गावातल्या दात्यांनी एकाच निधीत पैसे टाकायचे आणि त्यातून गावाची नड भागवायची, अशी ही संस्था. बाईंनी साधा फळा मागितला होता. आला तो कडेनं अध्यक्ष, विश्वस्त, आश्रयदाते यांची नावं ऑइलपेंटनं रंगवूनच. मग नाव राहिलं म्हणून रुसलेल्यांची नावं मधोमध घुसली. उरली खाली वीतभर जागा.

"थोडी नावं पुसता येतील का?" बाईंनी अध्यक्ष देवरेनानांना विचारलं.

"बाई, फळे छप्पन्न मिळतील. दाते रुसले तर कुठून आणायचे?"

दुसऱ्या दिवशी प्रतिष्ठानाची मंडळी फळ्यासोबत फोटो काढायला येणार होती. बाईंनी त्या वीतभर जागेत ठसठशीत सुविचार लिहिला : 'या हातानं दिलेलं त्या हाताला कळू नये.' आता तरी लाजतील, असं त्यांना वाटलं.

नानांनी तो मोठ्यानं वाचला, मान डोलावली.

"झकास," ते म्हणाले. "याच्याखाली आमचं नाव टाका."