तीन फेऱ्या

विमानकंपनीत निवड झाली तेव्हा मी बावीस वर्षांची होते. बाबा कडाडले, "आकाशात जाऊन लोकांची उष्टीच काढणार ना? त्यासाठी शिकवलं का तुला?" पगारही बँकेतच जास्त होता. मग अदिस अबाबातल्या एका बँकेची खुर्ची धरली.

आज चार वर्षांनी बाबा ठेवणीतली पांढरी शाल पांघरून माझी खुर्ची बघायला आले. साहेबांनी त्यांना मानाने पाहुण्यांत बसवलं आणि मला हाक मारली, "महलेत, कॉफी आण गं सगळ्यांना! काका, तुमच्या लेकीसारखा ट्रे इथे कुणाला धरता येत नाही. उगाच नव्हती निवडली विमानवाल्यांनी!"

आमच्याकडे कॉफी तीन फेऱ्यांशिवाय संपत नाही. तिन्ही वेळा मी मातीच्या चंबूतून ओतली, तिन्ही वेळा सगळ्यांचे कप गोळा केले. शेवटचा कप मात्र बाबांनी मला उचलू दिला नाही. आत जाऊन स्वतः विसळून आले.

जिना उतरताना ते हळूच म्हणाले, "ते विमानवाले अजून मुली घेतात का गं?"



"घेतात ना, बाबा. पंचविशीच्या आतल्या."