आईच्या कॅसेटवरची मॅच

“ती कॅसेट राहू द्या. खराब आहे,” भाऊ म्हणाला.

“तीच आधी लावा,” बहीण म्हणाली.

दुकानदाराने दोघांकडे पाहिलं आणि कॅसेट पुसून मशीनमध्ये सरकवली. या दोघांमध्ये विस्तव जात नाही, हे त्याला एव्हाना कळलं होतं. वडील गेल्यावर त्यांच्या कुलूपबंद कपाटात या कॅसेटी निघाल्या. एकाने आणाव्यात तर दुसऱ्याचा भरवसा नाही, म्हणून दोघंही आले होते आणि मधली खुर्ची रिकामी ठेवून बसले होते.

“कॉम्प्युटरवर घ्यायची तर पूर्ण चालवावी लागते,” दुकानदार म्हणाला. “पुढे पळवली तर फीत तुटेल.”

“चालू दे. मी सुट्टी काढूनच आलेय.”

पडद्यावर आई आली. उशीला टेकून बसलेली, फार वाळलेली. ती कॅमेऱ्याकडे बघून ओठ उघडते न उघडते तोच चित्र थरथरलं आणि मॅच सुरू झाली.

“एवढीच आई उरली,” बहीण दुकानदाराला म्हणाली. “हे या गृहस्थांचे प्रताप. मॅच हवी होती, हाताला लागली ती कॅसेट घातली कॅमेऱ्यात. आईला जाऊन महिनाही झाला नव्हता. बाबांनी याला फोडून काढलं, पण त्याने आई परत येते का?”

भाऊ रस्त्याकडे बघत राहिला.

“टीव्हीसमोर कॅमेरा ठेवून काढलीय,” दुकानदार म्हणाला. “खोलीतले आवाजही आले असतील.”

“मग आवाज बंद करा,” भाऊ चटकन म्हणाला. “गोंगाट कशाला ऐकायचा?”

“अजिबात नाही. मॅचनंतर आईचं बोलणं शिल्लक असेल तर? मी पहिलीत होते. मला तिचा आवाज आठवत नाही. तोसुद्धा तू खाल्लास.”

“माझी चूक झाली, हे मी कबूल केलंय ना?”

“कबूल तर तेव्हाच केलं होतंस. माफी कधी मागितली नाहीस.”

“मग आज मागतो. माफ कर. आता बंद करायला सांग.”

ती हसली. त्या हसण्यात नुसतं विष होतं. “म्हणे माफ कर. माझ्या लग्नात तुला बोलावलं नाही ते याचसाठी. उद्या मी मेले तरी खांदा द्यायला येऊ नकोस.”

मॅच चालू राहिली. तिघंही नाइलाजाने ती बघत बसले. कुणीतरी जिंकलं, लोक ओरडले, आणि भाऊ एकदम उठून आवाजाच्या बटणाकडे झेपावला. तिने त्याचा हात जोरात झटकला.

पडद्यावरचा टीव्ही झाकला गेला. आधी फ्रॉकचा घेर दिसला, मग एक चेहरा वाकून अगदी काचेजवळ आला. पुढचे दोन दात पडलेली ती मुलगी कुजबुजत म्हणाली, “दादा, तू क्लासला गेलास ना, म्हणून मी तुझी मॅच कॅमेऱ्यात धरून ठेवली. बाबांना सांगू नकोस हं.”