टेपखालच्या पिना

शनिवारी समुद्रापार शेटलंड बेटांना निघायचं, म्हणून माझा म्हातारा नवरा एविंद जुन्या शिडाच्या होडीवर डोलकाठीच्या तारा आवळून त्या ताणणाऱ्या स्क्रूंवर टेप गुंडाळत होता. दरवर्षीसारखा मी मागून हात फिरवला, तर टेपखाली स्क्रू अडवणाऱ्या पिनेचं टोक टोचलं नाही. एकेक टेप सोडली. आठांतल्या एकाही स्क्रूत पिन नव्हती. “अरे, पिनेवाचून स्क्रू सैल झाले, की काठी डोक्यात येईल.” “चाळीस वर्षांत आली का?” तो गुरगुरला आणि खाली बसला. “बोटांत पिन धरवत नाही गं. तू चार उन्हाळे शेटलंडचा नकाशा उशाशी घेऊन झोपतेस. कसं सांगू?” “पिना मी घालते. सुकाणू तरी धरवेल ना?” त्यानं मान हलवून नाही म्हटलं आणि तळवे मांड्यांखाली घातले. मी पिनांचा डबा उघडला. होडी आता धक्क्यालाच राहणार होती, तरी आठही पिना घातल्या, टोकं वाकवली आणि टेप गुंडाळायला त्याच्याकडे सरकवली.